तक्रार मिटवायची आहे का?

वाशीम जिल्ह्यात मी काही बघायला म्हणून गेले नव्हते. लोक मोबाईलवर बोट कुठं ठेवतात, एवढंच बघायला गेले होते. परत आल्यावर मैत्रिणी विचारतात, "तिकडं बघण्यासारखं काय आहे गं?" मी काहीतरी सांगते, पळसाबद्दल, कारंज्याच्या जुन्या वेशींबद्दल. जे खरं बघितलं ते सांगायला घेतलं की मात्र मधेच थांबते. म्हणून लिहून काढते आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करावा लागतो. माझा विषय होता वापरसुलभता. शब्द मोठा आहे, काम साधं आहे. एखादं अ‍ॅप माणसाला कुणी न शिकवता वापरता येतं का, तो कुठं अडतो, कुठं चुकतो, हे त्याच्या शेजारी बसून बघायचं आणि टिपून घ्यायचं. एका कंपनीनं गावांसाठी तक्रारींचं अ‍ॅप केलं होतं. रस्ता खचला, दिवा गेला, नळ फुटला, तर फोटो काढून तक्रार नोंदवायची. कारंजा आणि मालेगाव तालुक्याच्या बाजूला काही गावांत ते चालू केलं होतं, पुढं सगळीकडं न्यायचं होतं. आमच्या सरांनी विचारलं, कोण जाईल? बाकीच्यांना पुण्याच्या आसपासचे विषय मिळाले होते. मी हात वर केला.

आमचं गाव माण तालुक्यात. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आईला फोनवर हिरवं म्हणजे घ्यायचा आणि लाल म्हणजे ठेवायचा, एवढंच ठाऊक आहे. मला वाटलं होतं की आईसारख्या माणसांच्या बाजूनं कुणीतरी हे काम करायला पाहिजे, आणि ते मला येईल.

या कामाचा एक नियम आहे, तो सरांनी दोनदा बजावला. समोरचा माणूस चुकत असला तरी मदत करायची नाही. मानसुद्धा हलवायची नाही. "तू बोललीस की परीक्षण संपलं," सर म्हणाले.

कारंजा लाड

गाडीतून उतरले तेव्हा ऊन नुकतंच चढायला लागलं होतं. स्टँडवर गजाननभाऊ घ्यायला आले होते. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गावागावांतून माणसं गोळा करून द्यायचं काम कंपनीनं त्यांच्याकडे दिलं होतं.

"म्याडम, तुमी फोन तपासाले आल्या का मानसं?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"फोन," मी म्हणाले.

"मंग मानसं कायले जमवून राह्यलो म्या?" असं म्हणून ते स्वतःच हसले आणि माझी पिशवी मोटरसायकलला अडकवली.

नाश्त्याला त्यांनी एका टपरीवर नेलं. पोह्यांची बशी पुढं आली आणि टपरीवाल्यानं विचारलं, "सांबार टाकू?" मी घाईनं नको म्हणाले. पोह्यांवर सांबार कोण घेतं? गजाननभाऊ बघतच राहिले. मग त्यांनी आपल्या बशीकडे बोट दाखवलं. वर हिरवीगार कोथिंबीर होती. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"पुन्याची पोरगी सांबाराले भेली रे!" त्यांनी सगळ्या टपरीला सांगितलं.

"मी पुण्याची नाही. माणची आहे, साताऱ्याकडची."

"मंग तं अजूनच कठीन हाय," टपरीवाला म्हणाला आणि न विचारता चिमूटभर सांबार माझ्या बशीत टाकला.

त्या दिवशी आणखी दोन गोष्टी कळल्या. इथल्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात. आणि आपण जिथं 'पुढे' म्हणतो तिथं ही माणसं 'समोर' म्हणतात. पुढचा महिना म्हणजे समोरचा महिना. मला ते फार आवडलं. आमच्याकडं 'समोर' म्हणजे डोळ्यांना दिसतंय ते. इथं जे अजून यायचं आहे तेही समोरच असतं. मी हे शब्द टिपून घेतले, कारण अ‍ॅपवर 'पुढे जा' असं लिहिलं होतं आणि कुणी अडेल असं वाटलं. त्या शब्दावर कुणी अडलं नाही.

दुपारी गजाननभाऊंनी गाव दाखवलं. जुनी वेस, जैन मंदिरांच्या गल्ल्या, लाकडावरची नक्षी, बाजारात कापसाच्या गाड्यांनी सांडलेला कापूस. तो रस्त्याच्या कडेनं उडत होता आणि कुत्री त्यावर झोपली होती.

किन्हीराजा

पहिलं परीक्षण इथं झालं. गावातले काही शेतकरी एका लिंबाच्या सावलीत जमले होते. शेतं मोकळी पडली होती. सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुश्याचे ढीग, तुरीच्या वाळक्या काड्यांच्या पेंढ्या आणि लांब कुठंतरी एकटा पेटलेला पळस. आमच्या माणदेशात अशी काळी जमीन बघायलासुद्धा मिळत नाही.

परीक्षणात माणसाला सांगावं लागतं की मनात जे येतंय ते मोठ्यानं बोलत बोलत काम करा. म्हणजे तो काय समजून बटण दाबतो ते आपल्याला कळतं. मी हे एका आजोबांना सांगितलं.

"मनातलं मोठ्यानं बोलाचं?"

"हो आजोबा."

"मंग घरात राहू देईन का मले कोनी?"

सगळे हसले आणि त्यानंतर एकही जण मनातलं बोलला नाही. उन्हात पडद्यावरचं काही दिसेना. माझा फोन इतका तापला की त्यानं स्वतःच इशारा देऊन काम बंद केलं. एकानं तो ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवला, बाळंतिणीच्या लेकराला ठेवावं तसं, आणि आम्ही सगळे तो गार व्हायची वाट बघत बसलो.

तरी आकडे चांगले आले. कंपनीनं मला एक छापील कागद दिला होता, तो वाचून दाखवायचा होता: "समजा, तुमच्या गावातला दिवा बंद आहे. तक्रार भरा. आता 'जतन करा' हे बटण दाबा." मी वाचत गेले, माणसं दाबत गेली. मी प्रत्येकापुढं 'पूर्ण' असं लिहिलं. बटणाचं नाव आपणच सांगतोय, मग परीक्षा कशाची घेतोय, हे मला तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं.

नाल्याच्या पलीकडे

हे गाव आसेगावच्या अलीकडं आहे. लहान आहे, नाव लिहीत नाही. गजाननभाऊंनी मला वच्छलाकाकूंच्या वाडीवर नेलं. वाडी म्हणजे भाज्यांचं शेत. वांगी, भेंडी, पालक, सांबाराचे वाफे. सगळीकडं तपकिरी रान आणि मधेच हा हिरवा तुकडा.

तिथं पोचायला नाला ओलांडावा लागतो. नाल्यावर सिमेंटचे दोन पाईप टाकून वर मुरूम घातलेला होता, त्याला तिथं रपटा म्हणतात. गेल्या पावसाळ्यात पाण्यानं मुरूम नेला आणि एक पाईप उलटून रस्त्यातच आडवा झाला. नाला आता कोरडा होता, म्हणून काकू डोक्यावर टोपलं घेऊन त्या पाईपावरून चढून उतरत होत्या. बैलगाडी जाऊ शकत नव्हती. पाऊस लागला की माणूसही जाणार नव्हतं.

"ये व माय, ये. उन्हात काहून उभी?" काकूंनी लांबूनच हाक मारली. काका बाभळीखाली लसूण सोलत बसले होते.

त्यांचं दोघांचं भांडण आधीपासूनच चालू होतं, आमच्या येण्यानं ते थांबलं नाही.

"म्या तं म्हनतो सोयाबीन पेरून मोकळं व्हा," काका मला म्हणाले, जणू मीच निवाडा करणार होते. "भाजीले रोज रस्ता लागते. सोयाबीनले एकडाव लागते, तेबी पानी गेल्यावर."

"तुमी व्हा मोकळे," काकू म्हणाल्या. "सोयाबीन कोनाचं हाय ते बाजारात कोनी इचारते का? सारं एका पोत्यात. माह्यी वांगी लोक माह्या नावानं मांगते. कारंज्यात म्या एक दिवस नाई बसलो तं इचारते, वच्छलाबाई कुठी गेली?"

मला कळलं की ही साधी गोष्ट नाही. पावसाळ्याच्या भाजीची रोपं टाकायची की नाही, ते आता ठरवायचं होतं. रपटा झाला तर वाडी राहणार, नाही तर नाही. पावसाआधी करायच्या कामांची यादी याच अ‍ॅपवरच्या तक्रारींमधून निघते आणि ती महिनाअखेर बंद होते, असं गजाननभाऊंनी सांगितलं.

मी छापील कागद काढला. "समजा, तुमच्या गावातला दिवा..."

"खोटी तक्रार कायले देता मले?" काकू म्हणाल्या. "माह्यी खरी हाय नं. हिवाळ्यात टाकलती एक. कोनी आलं नाई. आता पुन्हा टाकतो, तू पाह्य."

कागद बाजूला राहिला. आणि मनातलं मोठ्यानं बोलणारं माणूस मला सबंध जिल्ह्यात एकच भेटलं, ते म्हणजे वच्छलाकाकू.

"हे आलं रस्ते. हे आलं नाला. हां. आता फोटो मांगते हे." त्या उठून नाल्यापर्यंत गेल्या, फोटो काढला. त्यात अंगठाच आला. काका म्हणाले, "अंगठ्याचीच तक्रार करून राह्यली का?" काकूंनी दुसरा काढला, तो चांगला आला. आडवा पाईप, मागं वांग्यांची ओळ.

शेवटचं पान उघडलं. खाली दोन बटणं होती. एकावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'मिटवा'.

"जतन करा," काकूंनी वाचलं आणि त्या थांबल्या. "आता तक्रार काय लोनचं हाय का, जतन करून ठेवाले?"

"बरनीत भर अन् वरून तेल टाक," काका म्हणाले.

"मिटवा. हां, हे हाय आपल्या कामाचं."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मला दिसत होतं. काय होणार ते कळत होतं. पण नियम होता, आणि मला वाटलं, अजून एकदा विचारलं जाईल, तेव्हा त्या थांबतील.

विचारलं गेलंच. 'तुमची तक्रार नक्की मिटवायची आहे का?'

"आता आनखी कशी सांगू व माय याले? मिटवाचीच हाय!" काकूंनी 'होय' दाबलं.

पडद्यावर हिरवी खूण आली. 'तक्रार यशस्वीरीत्या मिटवली आहे.'

"पाह्य!" त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "हिवाळ्यातबी असंच म्हनलतं यानं. मिटवली मिटवली म्हनते, पन मानूस काही येत नाई."

मी बोलले. परीक्षण संपलं होतं. मी सांगितलं की काकू, या फोनमध्ये 'मिटवा' म्हणजे पुसून टाका. तुमची तक्रार कुणाकडं गेलीच नाही. हिवाळ्यातलीसुद्धा नाही.

त्या रागावल्या नाहीत. त्यांना आधी ते पटलंच नाही.

"तुमच्याकडं असं म्हनते का? मिटवा म्हंजे पुसून टाका?"

"नाही काकू. आमच्याकडंही भांडण मिटवतात. तंटा मिटवतात."

"मंग ज्यानं हे लेहलं तो कोन्या गावचा?"

मी म्हणाले, बहुतेक हिंदीवरून घेतलं असेल.

"हिंदी आमाले येते की," काका म्हणाले. "मिटाओ म्हनला असता तं समजलो असतो. मराठीत काहून घोळ घातला?"

आम्ही तक्रार पुन्हा भरायला बसलो. या वेळी मी शेजारी बसून एकेक पान सांगितलं. शेवटी 'जतन करा' दाबल्यावर पडद्यावर आलं, 'या ठिकाणची तक्रार मिटवली आहे. पुन्हा नोंदवता येणार नाही.' एकाच जागेसाठी पुन्हा पुन्हा तक्रारी येऊ नयेत म्हणून ती सोय केलेली होती. काकांच्या फोनवरून बघितलं, गजाननभाऊंच्या फोनवरून बघितलं. फोन वेगळे असले तरी नाला तोच होता, आणि अ‍ॅपनं तो ओळखला.

गजाननभाऊ एरवी गप्प बसत नाहीत. ते पाईपावर जाऊन बसले आणि तिथंच बसून राहिले.

कचेरीत

मी सरांना फोन केला. सरांनी कंपनीतल्या माणसाचा नंबर दिला. तो माझ्याच वयाचा असावा, आवाजावरून चांगला वाटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी स्वतः 'होय' दाबलंय ना? मग आम्हाला ती उघडता येत नाही. तसं ठेवलेलंच नाही. तू रिपोर्टमध्ये लिही, पुढच्या आवृत्तीत बघू."

"पुढची आवृत्ती कधी येणार?"

"पावसाळ्यानंतर."

मग त्यानं विचारलं, "पण त्या कुठं अडल्या का? सगळी पानं न अडता पार केली ना?"

"हो."

"मग ते पूर्णच धर. चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. काका, काकू आणि मी, अशा कामांची नोंद होते त्या कचेरीत गेलो. तिथले बाबू भले होते. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. संगणकावर काकूंचा नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडं वळवला.

"हे पाहा काकू. तुमची तक्रार मिटली आहे."

"मिटली नाई साहेब. पाईप तसाच आडवा हाय."

"पन तुमच्याच नंबरवरून मिटवली. दोन्ही डाव."

काकू उभ्या राहिल्या. "म्या 'मिटवा' म्हनलं," त्या म्हणाल्या. "'मिटली' म्हनलं नाई!"

मी इतकी पुस्तकं वाचून त्या अ‍ॅपबद्दल जे लिहिणार होते, ते त्या एका वाक्यात आलं होतं. पण ते वाक्य संगणकात भरायला कुठं जागा नव्हती.

"मले समजते व काकू," बाबू हळूच म्हणाले. "पन याले कसं समजावू?" आणि त्यांनी पडद्याच्या कडेवर बोट आपटलं. कागदावर अर्ज द्या, म्हणाले. मी तिथंच बसून लिहिला, काकूंनी सही केली. त्यांनी तो घेतला आणि खरं तेही सांगून टाकलं. अ‍ॅपवरचा क्रमांक नसल्याशिवाय तो यादीत चढणार नाही. क्रमांक मिटलेल्या तक्रारीला मिळत नाही. मिटलेली तक्रार त्यांच्याकडं झालेल्या कामांमध्ये मोजली जाते.

परतताना एसटीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील, निदान मला रागावतील. पाईप आडवा दिसत असताना, बोट कुठं जातंय ते दिसत असताना मी गप्प का बसले, असं विचारतील. त्यांनी विचारलं, "तुह्या मायले सांगतलं का, इतक्या लांब आली ते?" मी हो म्हणाले.

रोडगे

निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी जेवायला बोलावलं. वाडीतच जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत ठेवले होते. कणकेचे जाड गोळे असतात, आत पदर असतात, वरची राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, वाडीतलीच. आमच्याकडं शेतात जेवायचं म्हणजे बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांदा, तेवढ्यात संपतं. इथं नवरा-बायको दोघंही सकाळपासून त्या आराजवळ बसली होती. मी एक रोडगा खाऊन थांबले तर काका म्हणाले, "पोरगी भाजी तपासून राह्यली का खाऊन राह्यली?"

गजाननभाऊ होते. सगळे बोलत होते, हसतही होते. अ‍ॅपचं नाव कुणी काढलं नाही.

वाडीच्या कोपऱ्यात एक वाफा खणून, माती भुसभुशीत करून ठेवलेला होता. रोपं टाकण्यासाठी असतो तसा. त्यात काहीच टाकलेलं नव्हतं. जेवण झाल्यावर काकू त्या वाफ्याजवळ हात धुवायला बसल्या. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी सवयीनं वाफ्यावर ओतलं.

"बियानं कधी आनता?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"कशाचं?" काका म्हणाले.

"सोयाबीनचं."

काका दोन दिवस हेच म्हणत होते. आता त्यांच्या मनासारखं झालं होतं. पण त्यांनी चेष्टा केली नाही. नुसतं खाली बघत आरातले निखारे काडीनं पसरत राहिले.

निघताना काकूंनी सांबाराची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली. मी नको म्हणाले नाही. पुण्याला पोचेपर्यंत ती सुकून गेली, पण पिशवीला वास पुष्कळ दिवस राहिला.

परत आल्यावर

अहवाल मी मनापासून लिहिला. 'मिटवा' का चुकतं, 'जतन करा' का चुकतं, ते दोन पानं भरून लिहिलं. बटणं कशी असावीत तेही लिहिलं. एकावर 'तक्रार पाठवा' आणि दुसऱ्यावर 'ही तक्रार नको'. पुसलेली तक्रार झालेल्या कामात धरू नये, असंही लिहिलं. सरांनी वाचून पाठ थोपटली. कोष्टकात मात्र काकूंच्या नावापुढं 'पूर्ण' असंच राहिलं, कारण त्या रकान्यात 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' हे दोनच पर्याय होते आणि काकू कुठंच अडल्या नव्हत्या.

पावसाळा गेला. सोयाबीन निघायच्या सुमाराला कंपनीतल्या त्या मुलाचा मला संदेश आला. तुझी सूचना घेतली, शब्द बदलला आहे. मला इतका आनंद झाला की मी आईला फोन करून सांगितलं. आईला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "मग चांगलंच झालं की."

थोड्याच दिवसांनी गजाननभाऊंचा फोन आला. ते कारंज्याच्या बाजारात होते आणि काकू त्यांच्याजवळ होत्या. यंदा त्या भाजी घेऊन बसल्या नव्हत्या, सामान न्यायला आल्या होत्या.

"पोरी, तू बदलवलं व ते!" काकू ओरडूनच बोलत होत्या, मागं बाजाराचा गोंगाट होता. "आता मिटवा नाई राह्यलं. गजाननानं नवीन टाकून देल्लं. पुन्हा तक्रार घेते ते आता."

"खरंच काकू? भरली का?"

"भरली. फोटो टाकला. पाईप अजून तसाच आडवा हाय नं. खाली 'जतन करा' तसंच हाय, मागच्या डाव ते दाबलं तं घेतली नाई त्यानं, म्हून ते काही म्या दाबलं नाई. अन् दुसरं तू बदलवलं ते आलं." त्या हसल्या. "'हटवा'. म्हनलं, बरोबर हाय. हटवा बापा तो पाईप एकदाचा."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"इचारलं बी त्यानं, नक्की हटवायची आहे का? म्या म्हनलं, हाव."

बाजारात कुणीतरी कशाचा तरी भाव ओरडत होतं.

"ऐकून राह्यली का व?" काकू म्हणाल्या. "मंग समोरच्या महिन्यात येतीन नं ते?"

आता मला गप्प बसायला कुणीही सांगितलेलं नव्हतं.